ऑफिसचं काम, डोक्यावरचं कर्ज आणि घरकाम: आधी अर्धवट काय आहे ते मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सॉफ्टवेअरची नोकरी, काही आठवड्यांनी येणारी ऑन-कॉलची पाळी (रात्री-अपरात्रीही बिघाड झाला तर हजर राहायची), दोन क्रेडिट कार्डांची थकबाकी, एक वैयक्तिक कर्ज आणि जवळच्या माणसांकडून घेतलेले थोडे उसने पैसे. घरी दोघंही नोकरी करतात, त्यामुळे घरातली कामं कायम मागे पडलेली. वेळापत्रकं बरीच करून झाली, एकही टिकलं नाही. विचारलं आहे ते इतकंच: वेळ कसा वाटावा, कुठलं कर्ज आधी फेडावं, आणि संध्याकाळी बाहेरचं फ्रीलान्स काम घ्यावं का?

मी बरीच वर्षं सॉफ्टवेअर टीम चालवत आलो आहे. कर्जात अडकलेल्या सहकाऱ्यांबरोबर बसून त्यांचे हिशेबही मांडले आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, वेळेच्या वाटणीपासून सुरुवात करू नका. वेळापत्रक टिकत नाही यात तुमच्या शिस्तीचा दोष नाही. एकाच वेळी हातात घेतलेल्या आणि न संपलेल्या गोष्टी इतक्या झाल्या आहेत की कुठलंही वेळापत्रक त्यांना पुरं पडणार नाही. आधी ती संख्या खाली आणायची. वेळ त्यानंतर आपोआप मोकळा होऊ लागतो.

यामागे साधं गणित आहे. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला रांगांचा एक नियम आहे: रांगेत सरासरी जितकी कामं असतात, ती म्हणजे कामं संपण्याचा वेग गुणिले एका कामाला लागणारा सरासरी काळ. तुमच्याकडे १२ कामं अर्धवट असतील आणि आठवड्याला ३ संपत असतील, तर प्रत्येक काम सरासरी ४ आठवडे लोंबकळतं. वेग तोच ठेवून अर्धवट कामं ६ वर आणलीत तर तेच काम २ आठवड्यांत हातावेगळं होतं. जास्त मेहनत नाही, जास्त तास नाहीत, फक्त नवीन काम उचलण्याआधी जुनं संपवायचं. प्रत्यक्षात वेगही थोडा वाढतो, कारण एका कामातून दुसऱ्यात जाताना लक्षाचा एक भाग आधीच्या कामातच अडकून राहतो. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रयोगांतून हे दाखवलं होतं. काम अर्धवट सोडून उठलेला माणूस पुढच्या कामात कमी पडतो.

आता हे पैशाला लावून बघा, कारण मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा पुरावा तिथलाच आहे. सिंगापूरमध्ये एका धर्मादाय संस्थेने कमी उत्पन्नाच्या कर्जदारांची जुनी थकबाकी एकरकमी फेडून दिली. संशोधकांनी १९६ जणांच्या त्याआधी आणि नंतर चाचण्या घेतल्या. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कर्ज उतरल्यावर माणसांची विचार करण्याची क्षमता सुधारली, चिंता कमी झाली, आणि घाईचे निर्णय घेण्याची प्रवृत्तीही घटली. यातला खरा मुद्दा पुढे आहे. ज्यांना सारख्याच रकमेची मदत मिळाली त्यांच्यातही ज्यांची जास्त खाती पूर्ण बंद झाली त्यांची सुधारणा जास्त होती. म्हणजे डोक्यावरचा भार किती रक्कम बाकी आहे एवढ्यावरच ठरत नाही, किती ठिकाणी बाकी आहे यावरही ठरतो. प्रत्येक खातं म्हणजे एक वेगळी तारीख, एक वेगळा फोन, एक वेगळी धास्ती. तुमचं ऑफिसातलं काम डोक्यानेच करायचं असल्यामुळे कर्जाची खाती हा तुमच्या कोडचाही प्रश्न आहे.

म्हणून या आठवड्यात एकच करा. एक कोरा कागद घ्या, तीन रकाने आखा: ऑफिस, पैसा, घर. जे जे सुरू करून संपलेलं नाही, ज्याचा कुणाला शब्द दिला आहे, किंवा जे झोपताना आठवतं, ते सगळं लिहा. कार्डाची थकबाकी ही एक ओळ, गळका नळ ही एक ओळ, रिव्ह्यूसाठी, म्हणजे सहकाऱ्याने तपासण्यासाठी, पडलेला कोड ही एक ओळ. घरात जोडीदार असेल तर दोघांनी मिळून लिहा, कारण प्रत्येकाच्या डोक्यातली यादी वेगळी असते आणि ती दुसऱ्याला दिसत नाही. प्रत्येक ओळीसमोर पुढची ठोस कृती आणि ती कधी करणार, हे लिहा. ई. जे. मासिकांपो आणि रॉय बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं की अपूर्ण उद्दिष्टं मनात घुसत राहतात. पण ती कधी आणि कशी पूर्ण करायची याची नेमकी योजना केली, की काम प्रत्यक्ष न होताही ती त्रास देणं बरंच थांबवतात. ‘कर्जाचं बघायला हवं’ ही योजना नाही. ‘शनिवारी सकाळी दोन्ही कार्डांचे व्याजदर आणि देय तारखा या कागदावर उतरवणार’ ही योजना आहे.

मग प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारा: हे पडून राहिलं तर वाढतं का? धुतलेले कपडे घडी न करता पडले तर ते तेवढेच राहतात. गळका नळ तसाच राहत नाही, दुखणारा दात तर नाहीच, आणि कार्डाची थकबाकी दर महिन्याला फुगते. ऑफिसातही हाच फरक आहे. प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये पहिल्या फटक्यात लिहून दिलेल्या कोडला कर्जाची उपमा दिली, ती आर्थिक हिशेबांच्या सॉफ्टवेअरवर काम करत असताना. त्यांचं म्हणणं असं की थोडं कर्ज घेऊन पुढे जाणं चालतं, पण कोड सुधारून ते लवकर फेडलं पाहिजे, नाहीतर त्यावरचं व्याजच सगळी ताकद खातं. ज्या फाइलला दर आठवड्याला हात लावावा लागतो तिथली गुंतागुंत व्याज घेते. ज्या कोपऱ्यात वर्षभर कुणी फिरकत नाही तिथली जवळपास काहीच घेत नाही. तीनही रकान्यांत वाढणाऱ्या गोष्टींवर खूण करा. लक्ष आधी त्यांना मिळेल. बाकीच्यांना तारीख द्या, किंवा सरळ खोडून टाका. खोडायला घाबरू नका. यादीतल्या बऱ्याच ओळी कुणी तरी कधी तरी अपेक्षा केली म्हणून आलेल्या असतात.

आता कर्जाचा तपशील. इथे मी थोडा थांबणार आहे, कारण इथल्या आकड्यांचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो.

कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला ३ टक्के हा दर ऐकायला लहान वाटतो. चक्रवाढीने तो वर्षाला सुमारे ४२.६ टक्के होतो, आणि काहीच न भरल्यास थकबाकी २ वर्षांच्या आत दुप्पट होते, दंड वेगळाच. बहुतेक जण काहीच न भरणारे नसतात, ते किमान रक्कम भरत राहतात. समजा थकबाकी १०० आहे, व्याज महिन्याला ३ टक्के आणि किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के. नवीन एकही खरेदी केली नाही असं धरा. फक्त किमान रक्कम भरत गेलात तर १०० चे ५० व्हायला सुमारे ३२ महिने लागतात. तेवढ्यात तुमच्या खिशातून जवळपास १२० गेलेले असतात, त्यातले ७० निव्वळ व्याजाचे. कारण थकबाकी उतरते तशी किमान रक्कमही उतरत जाते, आणि बिलावरचा आकडा लहान होताना पाहून आपण निर्धास्त होतो.

आता एकच बदल करा. पहिल्या महिन्यात जी किमान रक्कम आली, या उदाहरणात ५.१५ (व्याज धरून झालेल्या १०३ चे ५ टक्के), तीच शेवटपर्यंत दर महिन्याला भरा. बिलावर कमी आकडा आला तरी तीच. सगळी थकबाकी साधारण ३० महिन्यांत शून्य होते आणि एकूण भरणा सुमारे १५२ होतो. म्हणजे जेवढ्या काळात आधी निम्मंच फिटत होतं, त्याहून कमी काळात सगळं फिटतं, आणि पहिल्या महिन्यात तुम्ही एक पैसाही जास्त भरलेला नसतो. महिन्याला ८ भरता आले तर काम १६ महिन्यांवर येतं आणि एकूण भरणा १२७ वर. तेव्हा आजच दोन्ही कार्डांवर आजच्या किमान रकमेइतका ठरावीक भरणा बँकेतून आपोआप जाईल अशी सोय करा, तारीख पगारानंतरच्या एक-दोन दिवसांची. फक्त भविष्यात किमान रक्कम कधी वाढली तर भरणाही वाढवायचा, एवढं लक्षात ठेवा. आणि ज्या कार्डावर थकबाकी आहे ते खरेदीसाठी वापरणं थांबवा. थकबाकी पुढे ओढली जात असताना बहुतेक कार्डांवर बिनव्याजी मुदत लागू राहत नाही, नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं.

कुठलं कर्ज आधी? निव्वळ गणिताचं उत्तर ठरलेलं आहे: सगळ्यांची किमान रक्कम भरून उरलेला प्रत्येक पैसा सर्वात जास्त दराच्या कर्जावर. दुसरी पद्धत सर्वात लहान कर्ज आधी संपवण्याची. डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन यांनी २०१२ मध्ये कर्जफेडीच्या कार्यक्रमातल्या लोकांची माहिती तपासली. ज्यांनी आपल्या खात्यांपैकी जास्त खाती बंद केली होती ते पूर्ण कर्जमुक्त होण्याची शक्यता जास्त होती, त्या खात्यांत रक्कम किती होती याने फारसा फरक पडला नाही. माझं मत दोन्हींच्या मधलं आहे. जे कर्ज दोन-तीन महिन्यांत पूर्ण मिटू शकतं ते आधी मिटवा, दर काहीही असो. खाती एक-दोनने कमी झाली की सरळ सर्वात जास्त दराकडे वळा आणि तिथून हलू नका. लहान खात्यांचा पाठलाग वर्षभर चालू ठेवणं मला मान्य नाही. त्यात महागडं कर्ज मागे फुगत राहतं.

तुमच्या बाबतीत सुरुवात जवळच्यांच्या उसन्या पैशांपासून होईल असं दिसतं. त्यावर व्याज नाही हे खरं, पण भेटी टाळाव्या लागणं, फोन न उचलणं, हीसुद्धा किंमतच आहे. एकदम देता येत नसतील तर त्यांना आजच सांगा की दर महिन्याला इतके, या तारखेला, आणि शेवटचा हप्ता या महिन्यात. समोरच्याला तारीख कळली की त्याचाही जीव भांड्यात पडतो आणि तुमच्या डोक्यातली ती ओळ मिटते.

सगळी कर्जं एकत्र करून एकच नवं कर्ज घेण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. दर खरोखर कमी असेल आणि मुदत जुन्यापेक्षा फार लांबत नसेल तर तो चांगला आहे, खाती एका फटक्यात कमी होतात. पण हप्ता लहान दिसतो म्हणून मुदत दुप्पट करून घेऊ नका. प्रक्रिया शुल्क आणि मुदतीपूर्वी फेडीचं शुल्क धरून एकूण किती भरावे लागणार, ते दोन्ही बाजूंनी काढा. आणि रिकाम्या झालेल्या कार्डांची मर्यादा त्याच दिवशी कमी करून घ्या. मोकळी मर्यादा पुन्हा भरली की कर्जं दोन होतात.

जास्तीचा भरणा सुरू करण्याआधी थोडी शिल्लक बाजूला ठेवा, निदान एखादं अचानक आलेलं दुरुस्तीचं किंवा डॉक्टरांचं बिल निघेल इतकी. महिन्याला ३ टक्क्यांचं कर्ज असताना पैसे नुसते पडू देणं चुकीचं वाटतं, मला कळतं. पण शिल्लक शून्य असली की पहिलाच धक्का पुन्हा कार्डावर जातो आणि ठरवलेली सगळी मांडणी मोडते.

हीच गोष्ट वेळेलाही लागू आहे, आणि ऑफिसच्या बाजूचा मुख्य मुद्दा तोच आहे. एकच माणूस, केव्हाही येणारी कामं आणि प्रत्येक काम कमी-जास्त वेळ खाणारं, असं साधं गणिती प्रारूप घेतलं तर ८० टक्के वेळ भरलेला असताना एक काम येऊन संपायला त्याच्या मूळ वेळेच्या ५ पट काळ जातो. ९० टक्के भरला की १० पट, ९५ टक्क्यांना २० पट. शेवटचे थोडे टक्के भरायला गेलं की सगळंच तुंबतं. तुमचं कॅलेंडर काठोकाठ भरलेलं असेल तर प्रॉडक्शनमधला, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या सॉफ्टवेअरमधला, एक बिघाड पुढचे दोन आठवडे खातो, त्यात घरची कामं जातात, बिलाची तारीखही जाते.

मॅनेजरशी हे बोलावं लागेल. कर्जाबद्दल सांगण्याची गरज नाही, ती तुमची खासगी बाब आहे. थकलो आहे एवढंच सांगूनही फारसं हलत नाही. हातात एकाच वेळी किती तिकिटं (नोंदवून सोपवलेली कामं) आहेत, गेल्या महिन्यात ठरलेल्या कामाबाहेरची किती आली, आणि ऑन-कॉलच्या आठवड्यात ठरलेल्या कामातलं किती झालं, हे लिहून दाखवा. मग नेमकं मागा: एका वेळी दोनच तिकिटं, तिसरं हवं असेल तर कुठलं थांबवायचं ते त्यांनी सांगावं. ऑन-कॉलच्या आठवड्यात फीचरचं, म्हणजे नव्या सुविधेचं, काम नाही, किंवा अगदी लहान. गूगलने आपल्या साइट रिलायबिलिटी टीमसाठी, म्हणजे सेवा अखंड चालू ठेवणाऱ्या टीमसाठी, तेच ते हाताने करायचं काम निम्म्या वेळेपेक्षा जास्त होऊ नये अशी मर्यादा ठरवली. अशी मर्यादा मागणं म्हणजे अंग काढणं नाही, हे सांगायला हे उदाहरण उपयोगी पडतं. आणि रात्री वारंवार उठवणारा एखादा अलर्ट असेल तर त्याचं मूळ कारण दुरुस्त करणं हे त्या महिन्याचं सर्वात महत्त्वाचं काम समजा. तुमच्या झोपेवर व्याज घेणारा बग तोच आहे.

घरकामाबद्दल. कामांची वाटणी करूनही एकावरच भार राहतो, अशी तक्रार बहुतेक घरांत असते. ॲलिसन डेमिंगर यांनी ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवरून २०१९ मध्ये घरकामाच्या न दिसणाऱ्या भागाचे चार तुकडे दाखवले: काय लागणार हे आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि झालं की नाही ते पाहणं. निर्णय बहुतेक जोडपी मिळून घेतात. आधी ओळखणं आणि नंतर लक्ष ठेवणं मात्र बहुतेक वेळा बाईकडे जातं. तुम्ही ऑफिसात एखादी सर्व्हिस सांभाळता तेव्हा ती बंद पडली की नाही हे दुसऱ्याने येऊन सांगण्याची वाट बघत नाही. घरकाम घ्या तर तसंच अख्खं घ्या. किराणा तुमच्याकडे म्हणजे काय संपत आलंय हे बघणंही तुमच्याकडे, ‘यादी दे, आणतो’ असं नाही. अर्धं काम घेतलं तर एकच काम दोघांच्या डोक्यात उघडं राहतं. ऑन-कॉलच्या आठवड्यापुरती अदलाबदल आधीच ठरवा, त्या आठवड्याच्या सोमवारी नको.

दर्जाबाबतही एकदा मोकळेपणाने बोलून घ्या. रोज काय झालंच पाहिजे, आठवड्यातून एकदा झालं तरी काय चालेल, आणि पुढचं वर्षभर काय नाही झालं तरी चालेल. स्वयंपाक आणि भांडी पहिल्या गटात ठेवा, कारण ती कोलमडली की बाहेरून मागवणं वाढतं आणि ते थेट कार्डावर जातं. घरकामाला मदतनीस ठेवावा का, हेही पैशातच मोजा: त्यामुळे बाहेरचं खाणं किंवा उशिराचे दंड त्या खर्चापेक्षा जास्त वाचत असतील तर ठेवा, नाहीतर कार्डं मिटेपर्यंत थांबा.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, तासभर तोच कागद घेऊन बसा. संपलेलं खोडा, नवीन लिहा, प्रत्येक रकान्यात किती ओळी आहेत ते मोजा. मी प्रत्येक रकान्यात एका वेळी तीनच गोष्टी चालू ठेवायला सांगतो, बाकीच्या थांबलेल्या. ॲप वापरायचं तर वापरा, पण पहिले दोन-तीन महिने कागदच बरा, कारण कागदावर जागा संपते.

एखादा हप्ता भरणं शक्यच नाही असं दिसलं तर देय तारखेच्या आधी कर्ज देणाऱ्याला कळवा. आधी बोललं तर मुदत वाढवणं, हप्ता कमी करणं अशा शक्यता उघड्या राहतात. हप्ता चुकल्यावर दंड लागलेला असतो, नोंद खराब झालेली असते आणि बोलणं वसुली विभागाशी होतं. जे ठरेल ते लेखी घ्या.

राहिलं संध्याकाळचं बाहेरचं काम. सध्या नको, असं माझं उत्तर आहे. कागदावरच्या ओळी कमी होण्याआधी नवा ग्राहक घेतलात तर अर्धवट कामांच्या नव्या ओळी वाढतील आणि पहिला फटका नोकरीतल्या कामाला बसेल. सगळे हप्ते त्या पगारावर उभे आहेत. दोन-तीन महिन्यांत छोटी कर्जं मिटली आणि आठवड्याचा तास सलग पाळला गेला, तर पुन्हा विचार करा. त्याआधी नोकरीच्या करारात बाहेरच्या कामाला परवानगी आहे का ते वाचा, आणि कर वजा जाता तासाला काय उरतं ते काढा. घ्यायचंच ठरलं तर व्याप्ती आणि शेवटची तारीख ठरलेलं एकच काम घ्या, दरमहा चालणारी देखभाल नको. आलेले पैसे त्याच दिवशी ठरलेल्या एकाच कर्जखात्यात भरा. ऑन-कॉलच्या आठवड्यात कुठलीही डिलिव्हरी होणार नाही, हे ग्राहकाला काम स्वीकारण्याआधीच लेखी कळवा.